सैनिकाच्या लेखणीतून उतरलेला मराठ्यांचा इतिहास : ग्रँट डफच्या ग्रंथाचे परीक्षण

५ नोव्हेंबर १८१७ रोजी तिसऱ्या प्रहरी पुण्याजवळच्या खडकीच्या मैदानात इंग्रजांविरुद्ध उतरणारी पेशव्यांची फौज कशी दिसली, हे सांगताना कॅप्टन जेम्स ग्रँट डफ खंबातच्या आखातातील भरतीची उपमा देतो. गर्जना करीत आत घुसणारी ती भरती ज्यांनी पाहिली आहे त्यांनाच या दृश्याची नेमकी कल्पना येईल, असे तो म्हणतो आणि मग उपमा बाजूला ठेवून डोळ्यांनी पाहिलेले व कानांनी ऐकलेले तेवढेच सांगू लागतो. उकाड्याची, वारा पूर्ण पडलेली दुपार. घोड्यांच्या टापा, त्यांचे खिंकाळणे आणि तोफांच्या गाड्यांची घरघर एवढाच काय तो आवाज. हातातले काम टाकून शेतांतून पळणारे कुणबी, जू तोडून सुटलेले बैल, आणि झोपेतून दचकून उठलेली, थोडे अंतर उड्या मारत जाऊन पुन्हा क्षणभर मागे वळून त्या लोंढ्याकडे पाहणारी हरणे. मी पायदळात बावीस वर्षे काढली आहेत. मागे वळून पाहणारे हरीण घरात बसून सुचत नाही. ज्याने त्या दिवशी त्या उंचवट्यावर उभे राहून ते पाहिले, त्यालाच ते नऊ वर्षांनंतर आठवते.

ग्रँट डफचा ‘हिस्टरी ऑफ द मराठाज’ हा तीन खंडांचा ग्रंथ लंडनमध्ये १८२६ साली प्रसिद्ध झाला. जवळजवळ दोनशे वर्षांच्या जुन्या ग्रंथाचे परीक्षण आता लिहिण्याचे कारण असे की, लष्करातून निवृत्त होऊन इतिहासलेखनाकडे वळलेले माझे काही स्नेही, आणि त्यांच्यासारखे आणखी बरेच जण, सुरुवात कोठून करावी असे विचारतात. मी स्वतः गेली काही वर्षे एका पलटणीचा इतिहास लिहिण्याच्या कामात आहे आणि या कामात मला जेवढे ग्रँट डफने शिकवले तेवढे दुसऱ्या कोणी शिकवलेले नाही. त्याचे गुण आणि त्याचे दोष या दोहोंचे मूळ त्याच्या पहिल्या व्यवसायात आहे, असे माझे मत आहे, आणि हा ग्रंथ त्या दृष्टीने वाचला तर तो केवळ मराठ्यांचा इतिहास राहत नाही. सैनिक इतिहासकार होतो तेव्हा त्याच्या हातून काय साधते आणि काय निसटते, याचा तो नमुनाच ठरतो.

ग्रंथाच्या मुखपृष्ठावर लेखकाने स्वतःची ओळख मुंबई एतद्देशीय पायदळाच्या पहिल्या म्हणजे ग्रेनेडिअर पलटणीतील कॅप्टन आणि साताऱ्याचा माजी राजकीय रेसिडेंट, म्हणजे दरबारातील इंग्रजांचा प्रतिनिधी, अशी करून दिली आहे. त्याचा जन्म १७८९ साली स्कॉटलंडमधील बान्फ येथे झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरीची वाट पाहण्याचा धीर न राहिल्यामुळे त्याने लष्करी उमेदवारी पत्करली आणि वयाच्या सोळाव्या वर्षीच मायदेश सोडला. तरुण वयातच तो पलटणीचा अ‍ॅडज्युटंट, म्हणजे तिचा दैनंदिन कारभार पाहणारा अधिकारी, आणि फारसीचा दुभाष्या झाला. पुण्यास माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रेसिडेंट असताना तो त्याच्या हाताखाली होता, आणि पेशवाईच्या अखेरीनंतर १८१८ साली एल्फिन्स्टनने साताऱ्याच्या कारभारासाठी त्याचीच निवड केली. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी २५ सप्टेंबर १८१९ रोजी झालेल्या तहानंतर, महाराज स्वतः कारभार हाती घेईपर्यंत, साताऱ्याची सर्व व्यवस्था ग्रँट डफच्या देखरेखीखाली होती. या चार-पाच वर्षांच्या अतिश्रमाने त्याची प्रकृती ढासळली आणि तो स्कॉटलंडला परतला. साताऱ्यात कामाच्या वेळेतून उरलेल्या तासांत गोळा केलेल्या कागदांवरून त्याने तेथे ग्रंथ पूर्ण केला. ग्रंथ बाहेर पडला तेव्हा त्याचे वय अवघे सदतीस होते. सेवानिवृत्तीनंतरचे लेखन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आरामखुर्चीत बसून आठवणी सांगणारा वृद्ध सेनानी येतो. हा माणूस तसा नव्हता. त्याची लष्करी स्मृती ताजी होती आणि त्याने तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवली नाही, ही मला त्याच्याविषयी आदर वाटण्याची पहिली गोष्ट आहे.

त्या काळी कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्यांमध्ये अशी दुसरी कारकीर्द नवलाची नव्हती. मार्क विल्क्सने म्हैसूरचा, जॉन माल्कमने माळव्याचा आणि जेम्स टॉडने राजस्थानचा इतिहास लिहिला. जॉन ब्रिग्जने फरिश्त्याच्या फारसी तवारिखेचे भाषांतर केले. हे सगळे तलवार बांधून आलेले आणि राजकीय कामगिरीवर नेमले गेलेले लोक होते. कारभार करण्यासाठी त्यांना जमिनीचे हक्क, वतने, सनदा आणि घराण्यांच्या वंशावळी समजून घ्याव्या लागत, आणि त्याच कागदांतून त्यांचे इतिहास उभे राहिले. ग्रँट डफ या सर्वांत, माझ्या मते, सर्वात कमी रंग भरणारा लेखक आहे. टॉडला रजपुतांचे वेड होते. डफला मराठ्यांचे वेड नव्हते, पण त्यांचा हिशेब नीट लागला पाहिजे अशी तळमळ होती.

हिशेब हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. अ‍ॅडज्युटंटचे काम हजेरीपट, तैनाती, पगार आणि शिस्त यांभोवती फिरते, आणि ज्याने हे काम केले आहे त्याला फौज कोठून आली यापेक्षा ती कशावर जगते हा प्रश्न आधी पडतो. ग्रँट डफच्या ग्रंथातील सर्वात भक्कम भाग याच प्रश्नातून आलेला आहे. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा आणि शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणारा, हा भेद तो नुसता सांगून थांबत नाही. त्या दोघांच्या पगारात, त्यांच्यावरच्या धन्याच्या हुकमतीत आणि म्हणून लढाईतल्या वागण्यात काय फरक पडतो, तिथपर्यंत तो वाचकाला नेतो. शाहू महाराजांचे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी दिल्लीहून स्वराज्य, चौथ (महसुलाचा चौथा हिस्सा) आणि सरदेशमुखी (महसुलाचा दहावा हिस्सा) यांच्या सनदा आणल्यानंतर उत्पन्नाची जी वाटणी ठरली, तिचे त्याने केलेले विवरण आजही मला गुंतवून ठेवते. चौथाईतला चौथा हिस्सा म्हणजे बाबती राजाची. उरलेल्या तीन हिश्श्यांना मोकासा म्हणावयाचे. त्यातून शेकडा सहा सहोत्रा पंत सचिवांकडे आणि शेकडा तीन नाडगौंडा राजाच्या मर्जीप्रमाणे द्यावयाचा. बाकीचा मोकासा फौज बाळगण्यासाठी सरदारांना वाटावयाचा. एकाच मुलखात, कधी कधी एकाच गावात, अनेकांचे हिस्से असे गुंतवून ठेवले की सर्वांना एकत्र राहणे भाग पडे आणि हिशेब मात्र हिशेबनिसालाच उलगडे. मराठा सरदार एकमेकांशी भांडत असूनही परमुलखात एकत्र का चालून जात, याचा खुलासा शौर्याच्या वर्णनांपेक्षा मला या कोष्टकात अधिक सापडला. ज्यांना लष्करी इतिहास म्हणजे केवळ मोहिमा आणि लढाया असे वाटते, त्यांनी ही पाने दोनदा वाचावीत.

दुसरे बळ भूगोलाचे आहे. आरंभीच्या प्रकरणात घाटमाथा, कोकण आणि मावळची खोरी यांचे जे वर्णन येते ते प्रवाशाचे नाही. लष्करी दृष्टीने याहून बळकट मुलूख जगात बहुधा नसेल, असा निर्वाळा तो देतो, आणि तो का देतो हे पुढच्या प्रत्येक मोहिमेत दिसत राहते: वाटा अरुंद, चढ उभे, डोंगरमाथ्यावर किल्ला आणि किल्ल्यावर पाणी, पावसाळ्याचे चार महिने बाहेरच्या फौजेला हालचाल अशक्य. सह्याद्रीतला पहिला पाऊस, ढगांचा गडगडाट आणि दऱ्यांतून निघणारे त्याचे पडसाद यांवर त्याने थोडे रेंगाळून लिहिले आहे. एरवी कोरड्या असलेल्या या लेखकाला तेथे शब्दांचा मोह झालेला दिसतो, आणि मला तो मनापासून आवडतो. घाट चढलेल्या माणसालाच तो मोह होईल.

लढायांच्या वर्णनात मात्र एक तफावत आहे आणि ती वाचकाने लक्षात ठेवावी. ज्या लढाया त्याने पाहिल्या, किंवा ज्यांत लढलेल्यांशी तो बोलू शकला, त्या जिवंत आहेत. त्याआधीच्या लढाया तो कागदांवरून सावधपणे सांगतो. पानिपताचे प्रकरण नीटनेटके आहे. छावणीची कोंडी, दाणावैरणीचा तुटवडा आणि १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस तो संयमाने मांडतो. पण पहिल्या बाजीरावाच्या १७२८ सालच्या पालखेडच्या मोहिमेला, जिच्यात निजामाच्या जड तोफखान्याला मागे लोंबकळत ठेवून हलक्या घोडदळाने त्याला पाणी नसलेल्या मुलखात गाठले गेले, त्याच्या ग्रंथात मिळावे तेवढे वजन मिळालेले नाही. या मोहिमेला सामरिक चपळाईचा उत्कृष्ट नमुना म्हणणारा लेखकही सैनिकच होता: दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश फील्ड मार्शल मॉन्टगोमरी, ज्याने निवृत्तीनंतर १९६८ साली युद्धकलेचा इतिहास प्रसिद्ध केला. ज्या पिढीत सैनिक घडतो त्या पिढीची युद्धपद्धती त्याच्या नजरेत भिनलेली असते. डफच्या पिढीला शिस्तीने उभ्या राहिलेल्या पायदळाच्या रांगेचे महत्त्व पटलेले होते. मॉन्टगोमरीच्या पिढीने वाळवंटातल्या हालचालीचे मोल जाणले होते. दोघांनीही मराठ्यांच्या इतिहासात आपापल्या अनुभवाला ओळखीचे वाटेल तेच आधी पाहिले.

येथून ग्रंथाच्या दोषांकडे वळतो, आणि ते किरकोळ नाहीत.

प्रस्तावनेच्या पहिल्याच वाक्यात मराठ्यांचा उल्लेख, हिंदुस्थान जिंकण्याच्या कामातले आमचे लगतचे पूर्वाधिकारी, अशा अर्थाने येतो. तो मराठ्यांकडे कोठून पाहत आहे ते या शब्दांनी ठरते. जिंकलेल्या मुलखाचा नवा धनी आधीच्या धन्याची खातेवही तपासतो, तशी ही दृष्टी आहे. तिच्यात उपहास नाही, उलट पुष्कळदा न्यायबुद्धी आहे. पण मराठे सत्तेवर का आले, या प्रश्नाला तिच्याकडे समाधानकारक उत्तर नाही. मराठ्यांच्या उदयाला तो सह्याद्रीतल्या वणव्याची उपमा देतो: उन्हाने वाळलेले गवत, कोठेतरी पडलेली ठिणगी, आणि दूरच्या लोकांना आश्चर्य वाटावे असा भडका. उपमा देखणी आहे. तिच्यातून निघणारा अर्थ मात्र असा की, हे सारे जणू योगायोगाने आणि लुटीच्या जुन्या सवयीतून घडले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नेमका हाच मुद्दा धरला. संतांनी घडवलेली मने, गावपातळीवरची व्यवस्था आणि एका भाषेने जोडलेला समाज यांची तयारी आधी झाली नसती, तर राज्य उभे राहिले नसते, असे त्यांनी दाखवले. मला रानड्यांचे म्हणणे पटते, आणि डफची चूक कोठून आली तेही कळते. छावणीत वाढलेल्या माणसाला समोरची फौज दिसते, तिचे घोडे मोजता येतात, तिच्या रसदीचा अंदाज घेता येतो; पण त्या फौजेतला माणूस आदल्या रात्री कोणता अभंग म्हणत होता, हे त्याच्या टेहळणीच्या कक्षेत येत नाही. मीही अशाच प्रकारच्या अहवालांवर वाढलो आहे, म्हणून हे लिहिताना मला त्याच्यापेक्षा शहाणा असल्याचा भास होत नाही.

दुसरा दोष साधनांचा. डफने साताऱ्याच्या राजवाड्यातले कागद, पेशव्यांचे दफ्तर, जुन्या घराण्यांच्या संग्रहातील बखरी, फारसी तवारिखा, सुरत व मुंबईच्या इंग्रजी वखारींचे पत्रव्यवहार आणि गोव्यातील पोर्तुगीज कागद अशी प्रचंड सामग्री जमवली; एका माणसाने, नोकरी सांभाळून, एवढे करावे ही गोष्ट आजही थक्क करते. पण तळटीपेत पुष्कळ ठिकाणी तो नुसते ‘मराठी हस्तलिखिते’ किंवा ‘फारसी हस्तलिखिते’ एवढेच लिहून पुढे जातो. कोणते हस्तलिखित, कोणाच्या घरातले, कोणत्या काळी लिहिलेले, हे कळत नाही. मराठी कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्याचे त्याने नमूद केले होते, आणि नंतरच्या अभ्यासकांना त्या तेथे मिळाल्या नाहीत. ज्या ग्रंथाचा आधार तपासता येत नाही त्याच्यावर एक संपूर्ण शतक विसंबून राहिले, ही त्या शतकाच्या अभ्यासकांना टोचणारी गोष्ट होती, आणि तिनेच महाराष्ट्रात इतिहाससंशोधन सुरू करून दिले असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ च्या सुमारास, विद्यार्थिदशेत असतानाच, डफवर सविस्तर टीका लिहिली, पुढे वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून कागद जमवले आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. डफचे ऋण आणि डफवरचा राग या दोन्हींनी मिळून त्या पिढीला कामाला लावले.

तपशिलाच्या चुका या दोषातूनच आल्या. शिवाजी महाराजांचा जन्म तो १६२७ सालचा धरतो. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटनांच्या तारखांची जुनी नोंद, प्रकाशात आणल्यानंतर १६३० हे वर्ष पुढे आले, आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आज सर्वसाधारणपणे मानली जाते. अफजलखानाच्या प्रकरणात त्याने पंताजी गोपीनाथ यांना खानाचा वकील ठरवले आहे. ते महाराजांचे वकील होते आणि खानाकडून आलेले होते ते कृष्णाजी भास्कर. ही नावांची अदलाबदल साधी नाही. खानाचाच माणूस फितवून महाराजांनी दगा केला, ही त्याची सगळी मांडणी या अदलाबदलीवर उभी आहे, आणि वकील कोणाचा हे बदलताच ती कोसळते. पलटणीच्या इतिहासाचे काम करताना मला याच जातीची चूक एकदा भोवली होती. एकाच आडनावाच्या दोन सुभेदारांपैकी कोण कोणत्या कंपनीत होता हे न तपासता मी एका चकमकीचा वृत्तांत लिहिला, आणि तो वाचून त्यांपैकी एकाच्या मुलाने शांतपणे माझ्यासमोर त्याच्या वडिलांचे सेवापुस्तक ठेवले. एका नावाच्या चुकीने एका माणसाचे आयुष्य दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते, हे त्या दिवशी मला समजले.

संभाजी महाराजांवरील प्रकरण हे मला या ग्रंथातील सर्वात दुबळे प्रकरण वाटते. तेथे तो मुख्यतः मराठी बखरींच्या परंपरेवर, आणि त्यातही मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीच्या वळणावर चालतो. ही बखर घटनांनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली, आणि ती लिहिणाऱ्याचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनीच देहान्त शासन केले होते. साक्षीदाराचा आरोपीशी काय संबंध आहे, हे लष्करी चौकशीत पहिल्यांदा विचारले जाते. अ‍ॅडज्युटंट म्हणून डफनेही ते अनेकदा विचारले असेल. साताऱ्याच्या दफ्तरात बसून, चिटणिसांच्या घराण्याच्या कागदांना राजवाड्यातला मान असताना, त्याने तो प्रश्न येथे विचारला नाही. त्यातून संभाजी महाराजांची जी डागाळलेली प्रतिमा तयार झाली ती पुसायला संशोधक वा. सी. बेंद्रे यांना आणि त्यांच्यानंतर कमल गोखले यांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत श्रम करावे लागले.

शेवटची प्रकरणे आणखी वेगळ्या सावधगिरीने वाचावीत, कारण तेथे इतिहासकार आणि इतिहासातील पात्र एकच आहे. बाजीराव दुसऱ्याच्या अखेरच्या वर्षांविषयी तो लिहितो ते एल्फिन्स्टनच्या कचेरीतून पाहिलेले आहे. साताऱ्याच्या गादीची पुन्हा स्थापना त्याला शहाणपणाची वाटते, आणि ती व्यवस्था चालवणारा अधिकारी तोच होता. प्रतापसिंह महाराजांविषयी त्याचा जिव्हाळा खरा होता, यात मला शंका नाही. पण त्याच महाराजांना १८३९ साली कंपनीने पदच्युत करून काशीस पाठवले आणि १८४७ साली ते तेथेच वारले, हे ठाऊक असणाऱ्या वाचकाला त्या शेवटच्या पानांवरचा समाधानाचा सूर ऐकताना वाईट वाटते. निवृत्त सैनिकाने ज्या मोहिमेत स्वतः भाग घेतला तिचा इतिहास लिहू नये, असे मी म्हणणार नाही. डफने मात्र दाखवून दिले आहे की, असे लिहिताना दृश्य जितके स्पष्ट उतरते तितका निर्णय स्पष्ट उतरत नाही. त्यामुळे त्या भागात त्याचे डोळे घ्यावेत आणि निवाडा दुसऱ्यांच्या कागदांवरून ठरवावा.

आवृत्तींविषयी थोडे. मूळ १८२६ ची आवृत्ती ग्रंथालयांतच पाहावी लागते, परंतु तिची छायांकित प्रत आज जालावर विनामूल्य वाचता येते. प्रत्यक्ष वाचनासाठी मी १९२१ सालची, एस. एम. एडवर्ड्स यांनी संपादित केलेली दोन खंडांतील आवृत्ती सुचवीन. तिच्या आरंभी लेखकाचे चरित्र आहे आणि ते वाचल्याशिवाय ग्रंथातील स्वर नीट लागत नाही. इंग्रजीतील विशेषनामांचे जुने वळण सुरुवातीला त्रास देते. पेशवा, सह्याद्री, नाना फडणवीस ही नावे त्याने कानाने ऐकून त्या काळच्या इंग्रजी वळणाने उतरवली आहेत. मोठ्याने वाचले की ती ओळखू येतात आणि पन्नास पानांनंतर अडखळणे थांबते. मराठीत वाचणाऱ्यांसाठी कॅप्टन डेव्हिड केपन याने, मूळ ग्रंथ निघाल्यावर थोड्याच वर्षांत, केलेले ‘मराठ्यांची बखर’ हे भाषांतर आहे. तेही एका लष्करी अधिकाऱ्याच्या हातचे, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट. त्याचे गद्य आज जुनाट वाटते, पण मराठी गद्य छापखान्यात पहिली पावले टाकत होते त्या काळात वाक्ये कशी रचली जात होती हे पाहण्यासाठी तरी ते चाळावे. अभ्यासासाठी मात्र भाषांतरावर विसंबू नये. तळटीपा आणि आकडे मुळातच पाहावेत.

एकट्या डफवर थांबणाऱ्याला चुकीचे चित्र मिळेल, हे पुन्हा सांगतो. रानड्यांचा लहानसा ग्रंथ, राजवाड्यांच्या खंडांच्या प्रस्तावना आणि गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ भाग यांच्या शेजारी ठेवूनच तो वाचावा. उलटही तितकेच खरे आहे. केवळ त्याच्या टीकाकारांना वाचून डफला मोडीत काढणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांपैकी बहुतेकांनी त्याची महसुलाची प्रकरणे उघडलेलीही नसतात.

ज्यांना लष्करातून येऊन या कामाला लागायचे आहे त्यांनी ग्रंथ क्रमाने वाचू नये, अशी माझी सूचना आहे. आधी खडकीची लढाई वाचावी. इंग्रजांकडे २,८०० शिपाई, त्यांत सुमारे ८०० युरोपीय; त्यांचे ८६ जण ठार व जखमी, मराठ्यांचे सुमारे ५००; पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या घोडदळाचा जोराचा हल्ला डाव्या बगलेसमोरच्या चिखलात अडकून विस्कळीत झाला. हे सारे मोजून मापून सांगितल्यावर तो मोरो दीक्षितांविषयी लिहितो. पेशव्यांचे हे मंत्री आणि इंग्रजांच्या बाजूचा कॅप्टन फोर्ड यांची जुनी मैत्री होती. युद्ध अटळ दिसू लागले तेव्हा दीक्षितांनी फोर्डला आधीच सावध केले, आणि जय कोणाचाही होवो, एकाने दुसऱ्याच्या कुटुंबाचा सांभाळ करावा असे दोघांमध्ये ठरले. लढाईत दीक्षितांना जो गोळा लागला तो फोर्डच्याच पलटणीच्या तोफेतून सुटलेला होता. डफ हे दोन-तीन वाक्यांत सांगतो, त्यावर काहीही भाष्य करीत नाही, आणि लगेच त्या दिवसाच्या संख्या व हालचालींकडे परत जातो.